शेणखताचं माळरान

ऑगस्टच्या दुसऱ्या पंधरवड्यात नेदरलँड्समधल्या व्हेलुवे या भागातलं माळरान जांभळं होतं. गुडघ्याएवढी हेदरची झुडपं एकदमच फुलतात, मधपाळ आपल्या पेट्या माळाच्या कडेला आणून ठेवतात आणि सुट्टीच्या दिवशी वाहनतळावर जागा मिळत नाही. पाहणाऱ्याला वाटतं, एवढ्या दाट वस्तीच्या देशात निसर्गाचा हा तुकडा कसाबसा माणसाच्या हातून वाचला. पण हे माळरान माणसानंच घडवलेलं आहे, आणि तेही शेणखतासाठी.

व्हेलुवे म्हणजे गेल्डरलँड प्रांतातला सुमारे हजार चौरस किलोमीटरचा वाळूचा उंचवटा. पूर्वेला आयसल नदी, दक्षिणेला ऱ्हाइनचा फाटा. माळ, पाइनची जंगलं, उडत्या वाळूची मैदानं आणि एका अंगानं जाणारा जुना कालवा, हे सगळं इथे इतकं जवळजवळ आहे की रोड बाइकवर ते एका दिवसात होतं. पायी निघालात तर दिवसभरात एखादा माळ संपेल. मोटारीत बसलात तर काचेबाहेर सगळं सारखंच दिसेल. सायकलवर मात्र एक भाग कुठे संपला आणि दुसरा कुठे लागला ते डोळ्यांआधी मांड्यांना, टायरना आणि कानांवरून जाणाऱ्या वाऱ्याला कळतं. म्हणून हा भाग समजून घ्यायचा तर तो सायकलवरून, असं माझं ठाम मत आहे.

या लेखापुरती एक फेरी धरू. आयसलकाठच्या दीरन या गावातून निघायचं, पोसबांकची चढण चढून माळावर यायचं, तिथून टर्लेट, हुंडरलो, राडियो कोटवाइक करत आपेलडोर्न शहर गाठायचं आणि कालव्याच्या काठानं परत दीरनला यायचं. वळणं-वाकणं धरून ऐंशी-नव्वद किलोमीटर होतात. दीरन हे गझेल सायकलींचं गाव. १८९२ पासून या कंपनीच्या सायकली इथे तयार होतात. तेव्हा सुरुवात चुकीच्या ठिकाणी होत नाही.

गाव सुटलं की चढ सुरू होतो. हा चढ बर्फानं उभा केला. सुमारे दीड लाख वर्षांपूर्वीच्या हिमयुगात स्कँडिनेव्हियाकडून आलेली बर्फाची प्रचंड चादर इथपर्यंत पोचली होती. ऱ्हाइन आणि मास या नद्यांनी त्याआधी लाखो वर्षं इथे वाळू-गोट्यांचे थर पसरून ठेवले होते. बर्फानं ते पुढे रेटले, दुमडले आणि त्यांचे लांबच लांब ढिगारे उभे केले. बर्फ वितळला, ढिगारे राहिले. व्हेलुवेची कमाल उंची ११० मीटरच्या आसपास भरते, पोसबांक ९० मीटरच्या आसपास. आकडे किरकोळ वाटतात, पण चढ नदीच्या पातळीपासून सुरू होतो आणि वळणावळणानं जातो, त्यामुळे खालच्या गिअरची आठवण प्रत्येकाला येते. २०१६ मध्ये जिरो द'इटालिया ही शर्यत आपेलडोर्नमधून सुटली होती, तेव्हा स्पर्धकांना पोसबांक चढावी लागली होती. माथ्यावर दगडी बाक आहे. तो खे. आ. पोस यांच्या नावाचा. एएनडब्ल्यूबी या संघटनेचे ते अध्यक्ष होते. ही संघटना आज डच माणसाला मोटार बंद पडल्यावर आठवते, पण १८८३ मध्ये ती स्थापन केली सायकलवाल्यांनी.

माथ्यावर झाडं विरळ होतात आणि माळ उघडा पडतो. इथे थांबून रस्त्याच्या कडेची दरड जवळून बघावी. वर हेदरच्या मुळांचा काळपट थर, त्याखाली राखेच्या रंगाची फिकट वाळू, आणि तिच्याखाली अचानक गडद तपकिरी, तांबूस पट्टा. पावसाचं पाणी या वाळूतून सरळ खाली जातं आणि जाताना लोह, कुजलेला अंश, जे काही पोषक असेल ते धुऊन नेतं. धुतलेला थर राखी होतो आणि धुऊन नेलेलं खाली साठून तांबूस होतं. अशा जमिनीत धान्य पिकवायचं तर खत बाहेरून आणलंच पाहिजे. इथल्या शेतकऱ्यांनी त्यावर जी युक्ती काढली तिनंच हे माळरान घडलं.

आपल्याकडे धनगर शेतात मेंढरं बसवतात, म्हणजे कळपच शेतावर येतो आणि रात्रभरात खत देऊन जातो. इथे उलटं होतं. दिवसभर मेंढरं माळावर चरायची आणि रात्री गोठ्यात परतायची. गोठ्याची जमीन मुद्दाम खोल खणलेली असे. शेतकरी माळावर जाऊन हेदरची झुडपं मुळांसकट, वरच्या मातीसह, रुंद कुदळीनं खरवडून त्याच्या खपल्या काढी. त्या खपल्या गोठ्यात अंथरायच्या. त्यांवर लेंड्या आणि मूत पडलं की वर दुसरा थर. हिवाळाभर गोठा असा भरत जाई, इतका की जनावरं छपराच्या जवळ येत. वसंतात सगळं उपसून गाड्यांनी राय या धान्याच्या शेतात टाकायचं. त्या जोरावर त्याच शेतात वर्षानुवर्षं रायचं पीक निघे, जमीन पडीक टाकावी लागत नसे. खपल्यांबरोबर वाळूही येई, त्यामुळे शेताची पातळी वर्षाला साधारण एक मिलिमीटरनं वाढत गेली. शतकानुशतकांनंतर गावाभोवतालची ही शेतं अर्धा मीटर, कुठे मीटरभर उंच झाली. व्हेलुवेतल्या जुन्या गावांजवळ आजही शेत मध्यभागी फुगलेलं दिसतं, आणि सपाट वाटणाऱ्या रस्त्यावर सायकल उगीचच जड झाली तर ती या खतामुळे असू शकते.

शेत उंचावत गेलं तसा माळ गरीब होत गेला. एका शेताला पुरेल एवढ्या खपल्या काढायला त्याच्या कित्येक पट माळ लागे. खरवडलेल्या जमिनीत पोषण उरत नसे, आणि जे झाड उगवे त्याचा कोंब मेंढरं खात. अशा उपाशी, आम्लधर्मी जमिनीवर सुखानं जगणारी वनस्पती म्हणजे हेदर. तिच्या मुळांशी बुरशीची सोयरीक असते आणि त्या जोरावर ती जिथे गवत हार मानतं तिथे तग धरते. खरवडणं आणि चराई चालू असेपर्यंत माळ टिकतो. दोन्ही थांबली की आधी बर्च आणि पाइनची रोपं येतात, आणि थोड्याच दशकांत तिथे जंगल उभं राहतं.

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात नेदरलँड्समध्ये सहा लाख हेक्टरच्या आसपास माळरान होतं. आज उरलंय ते सुमारे चाळीस हजार हेक्टर. मधल्या काळात दोन गोष्टी घडल्या. ऑस्ट्रेलियाची स्वस्त लोकर युरोपात आली आणि मेंढरं पाळणं परवडेना. त्याच सुमारास चिलीचं सोडियम नायट्रेट आणि पोलादाच्या भट्ट्यांतला फॉस्फरसयुक्त मळ ही विकतची खतं आली, तेव्हा खपल्या काढायची गरजच संपली. ज्या जमिनीचा उपयोग संपला तिला लोक पडीक म्हणू लागले. १८८८ मध्ये पडीक जमीन लागवडीखाली आणण्यासाठी हेइडेमाटस्खापाय ही संस्था निघाली, १८९९ मध्ये सरकारी वनखातं सुरू झालं, आणि माळ नांगरले जाऊ लागले किंवा त्यांवर पाइन लावले जाऊ लागले.

पोसबांकचा माळ आज राहिलाय तो राखला म्हणून. हा सगळा परिसर १९३० पासून व्हेलुवेझोम राष्ट्रीय उद्यानात आहे. देशातलं ते पहिलं राष्ट्रीय उद्यान. रेडन गावचा मेंढरांचा कळप इथे चरतो, पण आता लोकर किंवा खतासाठी नाही, माळ माळ राहावा म्हणून. मेंढपाळाचं काम संवर्धनाच्या खर्चातून चालतं. कळपाच्या जोडीला लांब शिंगांची, डोळ्यांवर केस आलेली स्कॉटिश हायलँड गुरं मोकळी सोडलेली असतात. ती कधी कधी सायकलमार्गातच ठाण मांडतात. अशा वेळी घंटी वाजवू नये. उतरून दुरून वळसा घालावा, आणि बरोबर वासरू असेल तर आणखीच दुरून. गुरं हद्दीबाहेर जाऊ नयेत म्हणून रस्त्यात खड्डा करून त्यावर आडव्या लोखंडी नळ्या टाकलेल्या असतात. सायकलचं चाक या नळ्यांवर अगदी सरळ गेलं पाहिजे. वेग ठेवायचा, पार्श्वभाग खोगिरावरून जरासा उचलायचा, हँडल सैल धरायचं आणि नळ्यांवर ब्रेक दाबायचा नाही, विशेषतः पावसात. मेंढपाळांना गेल्या काही वर्षांत नवी चिंता आहे. जर्मनीकडून लांडगे परत आले आणि २०१९ मध्ये उत्तर व्हेलुवेत लांडगीनं पिल्लं दिली. डच भूमीवर दीड शतकाच्या खंडानंतर हे झालं. आता कळप रात्री कुंपणात घ्यावे लागतात.

उताराला लागलं की टर्लेटच्या दिशेनं जंगल सुरू होतं आणि वारा एकदम बंद होतो. ही जंगलं बघताना एक खूण ध्यानात येते. झाडं रांगेत उभी आहेत. एकाच जातीचा पाइन, एकाच वयाचा, खोड सरळसोट. कारण ते पीक म्हणून लावलं होतं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला दक्षिणेकडच्या लिम्बर्ग प्रांतात कोळशाच्या सरकारी खाणी उघडल्या आणि बोगद्यांची छतं पेलायला लाकडी टेकू लागू लागले. पाइन तिथे उत्तम. तो वाळूत वाढतो, सरळ वाढतो, लवकर वाढतो आणि खाणकामगाराच्या दृष्टीनं सर्वांत महत्त्वाचं म्हणजे वजन पेलेनासं झालं की मोडण्याआधी करकरतो. तेवढ्या आवाजावर माणसं बाहेर पळू शकत. नैसर्गिक वायू सापडल्यावर सरकारनं १९६५ मध्ये खाणी बंद करण्याचा निर्णय जाहीर केला आणि १९७४ अखेर शेवटची खाण बंद झाली. टेकूंसाठी लावलेले पाइन मात्र उभेच राहिले, आणि आज त्यांच्यात हळूहळू ओक, बीच अशी पानझाडं वाढू दिली जातात.

खाणींनी हे जंगल दिलं तसं सायकलवाल्यांना आणखी एक गोष्ट दिली. जंगलात दर दोन-चार किलोमीटरवर, वाटा मिळतात तिथे, खांबावर हिरव्या रंगात एक आकडा दिसतो. एखाद्या चौकाला ४६, पुढच्याला ७२. निघण्यापूर्वी नकाशावरून आकड्यांची यादी कागदावर उतरवायची, हँडलला चिकटवायची आणि बाणांमागून जायचं. फोनची बॅटरी संपली तरी अडत नाही, आणि मध्येच विचार बदलला तर चौकातल्या फलकावर नकाशा असतोच. ही पद्धत निघाली शेजारच्या बेल्जियममधल्या लिम्बर्गमध्ये, आणि तिचे जनक ह्यूगो बोलन हे खाण-अभियंते. खाणीच्या बोगद्यांत फाट्यांना आकडे असत, त्यावरून जमिनीखाली वाट चुकायची नाही. तीच युक्ती त्यांनी जमिनीवर आणली. तिथली शेवटची खाण १९९२ मध्ये बंद झाली आणि १९९५ मध्ये सायकलींच्या आकड्यांचं जाळं सुरू झालं. पुढे ते नेदरलँड्सभर पसरलं. त्याआधीची खूण म्हणजे जंगलात जमिनीलगत बसवलेला, अळंबीच्या आकाराचा बुटका दिशादर्शक. तो एएनडब्ल्यूबीनं १९१९ पासून लावायला घेतला आणि आजही जागोजागी दिसतो. तो बघायला सायकलवरून वाकावं लागतं.

या वाटा कुणी बांधल्या, हाही एक इतिहासच आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी डच सायकलस्वारांनी ठिकठिकाणी सायकलमार्ग संघ स्थापन केले, वर्गणी काढली आणि माळा-जंगलांतून अरुंद वाटा केल्या. १९२४ मध्ये सरकारनं सायकलवर वर्षाला तीन गिल्डर कर बसवला. तो भरल्याचा पितळी बिल्ला सायकलला लावावा लागे. बेकारांना बिल्ला फुकट मिळे, पण त्याला भोक पाडलेलं असे, म्हणजे पाहणाऱ्याला कळावं. १९४१ मध्ये जर्मन अमलात हा कर रद्द झाला. आज देशभरात सायकलमार्गांची लांबी पस्तीस हजार किलोमीटरच्या पुढे आहे.

काही जुन्या वाटा समुद्री शिंपल्यांच्या चुऱ्याच्या आहेत. दाबून बसलेला शिंपला पाणी निथळू देतो आणि पांढरट असल्यानं संधिप्रकाशातही दिसतो. रोड बाइकसाठी तो ठीक आहे, टायर २८ मिलिमीटर किंवा त्याहून रुंद असला तर. शिंपल्यात चुना असतो. त्यामुळे आम्लधर्मी माळातून जाणाऱ्या अशा वाटेच्या दोन्ही कडांना हातभर पट्ट्यात चुनखडीच्या जमिनीवरची रोपं उगवतात, जी चार पावलांवर कुठेही नसतात. जंगलातल्या नव्या वाटा बहुधा काँक्रीटच्या, कारण डांबर झाडांची मुळं उचलून धरतात आणि काँक्रीट सहसा नाही. मध्येच गावातला विटांचा रस्ता लागतो, हाताचे तळवे बधिर होतात, आणि पुन्हा काँक्रीट आलं की सायकल आपोआप पळू लागते.

नियम एवढाच ध्यानात ठेवायचा. गोल निळ्या पाटीवर पांढरी सायकल असेल तर सायकलमार्गावरूनच जायचं, रोड बाइक असली तरी. शेजारचा मोटारींचा रस्ता कितीही गुळगुळीत दिसो. दोघांनी शेजारी शेजारी चालवायला परवानगी आहे. जथ्थ्यानं जाणाऱ्यांच्या आरोळ्या ठरलेल्या आहेत. समोरून कुणी आलं की पुढचा 'टेखन!' म्हणून ओरडतो, आणि वाटेच्या मधोमध मोटारी येऊ नयेत म्हणून रोवलेला खांब दिसला की 'पाल्त्ये!' मागच्याला पुढच्याच्या पाठीशिवाय काही दिसत नसतं, म्हणून ही दुसरी आरोळी फार मोलाची. डच सायकलमार्गावर गंभीर दुखापती करणाऱ्या गोष्टींत हा निरुपद्रवी दिसणारा खांब वरच्या क्रमांकावर आहे.

हुंडरलोच्या वेशीवर होखे व्हेलुवे उद्यानाचं प्रवेशद्वार आहे. तिकीट काढावं लागतं, आणि ते काढावंच. सुमारे ५,४०० हेक्टरचं हे उद्यान म्हणजे आंतोन क्रोलर या व्यापाऱ्यानं १९०९ पासून विकत घेत गेलेली शिकारीची जमीन. त्यांच्या पत्नी हेलेने म्यूलर यांनी चित्रं जमवली, त्यात व्हॅन गॉगची चित्रं फार मोठ्या संख्येनं. व्यवसाय अडचणीत आला तेव्हा दोघांनी आपला संग्रह आणि जमीन मोडून विकण्याऐवजी एकसंध ठेवण्याची सोय केली. १९३५ मध्ये उद्यानाची संस्था झाली आणि १९३८ मध्ये जंगलाच्या मध्यभागी संग्रहालय उघडलं. प्रवेशद्वारापाशी पांढऱ्या सायकली उभ्या असतात, कुलूप नाही, भाडं नाही. घ्यायची, फिरायचं, कुठल्याही तळावर ठेवायची. १९६५ मध्ये अॅमस्टरडॅममधल्या प्रोव्हो चळवळीच्या तरुणांनी शहरात अशाच पांढऱ्या सायकली सर्वांसाठी ठेवायचा घाट घातला होता, तो पोलिसांनी कुलूप नसलेल्या सायकली उचलून नेल्यानं फसला. या उद्यानात १९७४ पासून ती कल्पना सुखानं नांदते आहे. या सायकलींना एकच गिअर आणि पायडल उलटं फिरवल्यावर लागणारा ब्रेक असतो. हाताच्या ब्रेकची सवय असलेल्या माणसाच्या दोन्ही मुठी पहिल्या उतारावर रिकाम्याच आवळल्या जातात.

हुंडरलोकडून उत्तरेला राडियो कोटवाइकपर्यंत जंगल आणि माळ आलटून पालटून येतात, आणि त्यापुढे वाळू लागते. अगदी उघडी, पिवळसर, लाटांनी भरलेली. मध्ययुगापासून अतिचराई, खपल्या काढणं आणि बैल-घोड्यांच्या गाड्यांच्या चाकोऱ्या यांनी माळाची चामडी फाटली की वारा खालची वाळू उडवू लागे. ती शेतांवर, घरांवर येई. १९७० च्या दशकात कोटवाइकच्या वाळूत उत्खनन झालं, तेव्हा मध्ययुगाच्या पूर्वार्धातलं अख्खं खेडं खाली सापडलं. वनखात्यानं सुरुवातीच्या काळात पाइन लावले ते मुख्यतः ही वाळू बांधण्यासाठी. आता उलट काम चालतं. उडत्या वाळूचा अधिवास पश्चिम युरोपात दुर्मीळ झाला म्हणून काही ठिकाणी पाइन तोडून वाळू पुन्हा मोकळी करतात.

याच ओसाडीत १९२३ मध्ये रेडिओ प्रक्षेपण केंद्राची एक अवाढव्य काँक्रीटची इमारत उभी राहिली. वास्तुकार युलियस लुथमान. नेदरलँड्सला आपल्या वसाहतीशी, म्हणजे आजच्या इंडोनेशियाशी, परक्या देशांच्या समुद्री तारांवर अवलंबून न राहता थेट बोलायचं होतं. पहिल्या महायुद्धात ते अवलंबित्व जाचक ठरलं होतं. लांब तरंगलांबीच्या प्रक्षेपकासाठी विस्तीर्ण, निर्जन, स्वस्त जागा हवी होती, आणि ती व्हेलुवेत होती. इथून निघालेला संदेश जावा बेटावरच्या मलबार डोंगरातल्या केंद्रात पोचे. सायकलवरून येताना ही इमारत माळाच्या पलीकडे फार लांबून दिसते आणि बराच वेळ जवळच येत नाही.

आता मूळ मुद्द्याकडे. व्हेलुवेच्या पश्चिमेला लागूनच एक सखल खोरं आहे. बार्नेवेल्ड हे त्यातलं प्रसिद्ध गाव, कोंबड्या आणि अंडी यांसाठी. या खोऱ्यात कोंबड्या, डुकरं आणि वासरं यांची बंदिस्त, दाट शेती आहे. त्यांच्या विष्ठेतून अमोनिया उडतो. नेदरलँड्समध्ये वारा बहुतेक वेळा नैऋत्य-पश्चिमेकडून वाहतो, म्हणजे सरळ व्हेलुवेवर. रस्त्यांवरच्या मोटारी आणि कारखान्यांचा नायट्रोजन त्यात भर घालतो. कोरड्या हेदरच्या माळाला हेक्टरी वर्षाला सुमारे १५ किलो नायट्रोजन सोसतो. त्याहून जास्त पडला की गवताला जोर चढतो आणि ते हेदरला गिळतं. हिवाळ्यात पिवळट-करड्या रंगाचे गवताचे झुबके माळभर दिसले की समजावं, हा माळ आजारी आहे. नायट्रोजननं जमीन आणखी आम्ल होते, चुना धुऊन जातो, गोगलगायी कमी होतात. गोगलगायीच्या शंखातून पक्ष्यांना कॅल्शियम मिळतं. १९९० च्या दशकात व्हेलुवेच्या जंगलात संशोधकांना रामगंगा पक्ष्यांच्या जातभाईंची अंडी पातळ कवचाची आणि फुटलेली आढळली, त्याचं कारण हेच निघालं.

ज्या माळानं शेकडो वर्षं आपलं पोषण गोठ्याला देऊन टाकलं आणि म्हणून जो माळ राहिला, त्याच्यावर आता गोठ्यातलं पोषण हवेतून परत येतंय आणि ते त्याला सोसत नाही. २९ मे २०१९ रोजी देशाच्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायपीठानं सरकारचं नायट्रोजनविषयक धोरण रद्दबातल ठरवलं. त्यानंतर बांधकामं आणि रस्त्यांचे परवाने अडकले, शेतकरी ट्रॅक्टर घेऊन महामार्गांवर उतरले, सरकारं त्यावरून अडचणीत आली. शेतकऱ्यांचं दुःख खोटं नाही. अनेक पिढ्या त्यांना उत्पादन वाढवा म्हणूनच सांगितलं गेलं आणि कर्जंही त्याचसाठी दिली गेली. पण माळाकडे पाहिलं तर उडणारा अमोनिया कमी झाल्याशिवाय दुसरा इलाज मला दिसत नाही. यंत्रानं खपल्या काढणं, कापणी, चराई, दगडाची पूड टाकून आम्लता कमी करणं, हे सगळं चालू आहे आणि सगळं उपयोगी आहे, पण पातेलं वरून भरत राहिलं तर खालून किती उपसणार?

आपेलडोर्नला कालवा लागतो. आपेलडोर्नपासून उत्तरेला हाटेमपर्यंतचा भाग राजा पहिला विलेम यानं खणवला आणि तो १८२९ मध्ये सुरू झाला; दक्षिणेला दीरनपर्यंतचा भाग पुढे १८६९ मध्ये सुरू झाला. त्यातली जहाज वाहतूक १९७२ मध्ये थांबली. कालव्याला पाणी पुरवतात व्हेलुवेच्या उतारावरचे झरे, आणि हे झरेदेखील माणसानं खणलेले. वाळूच्या उंचवट्यात पावसाचं पाणी मुरून साठलेलं असतं. सोळाव्या-सतराव्या शतकापासून इथल्या लोकांनी उताराच्या पोटात आत आत चर खणत नेले, भूजल लागेपर्यंत. मग तो प्रवाह दरीच्या तळाशी न सोडता चिकणमातीनं लिंपलेल्या पाटातून कडेकडेनं उंचावरून नेला आणि हव्या त्या जागी पाणचक्कीवर सोडला. या चक्क्यांवर कागद तयार होई. स्वच्छ पाणी हा कागदाचा प्राण. पुढे वाफेची यंत्रं आल्यावर कित्येक कागद गिरण्यांत धुलाईचे कारखाने सुरू झाले, तेही याच पाण्यावर. कालव्याजवळच्या एरबेक या गावात आजही कागदाचे कारखाने चालतात. लूनन गावाजवळचा धबधबा नेदरलँड्समधला सर्वांत उंच म्हणून मिरवतो. पायऱ्यापायऱ्यांनी उतरणारा, एकूण पंधरा मीटर. तोसुद्धा कालव्याला पाणी कमी पडलं म्हणून खणलेल्या झऱ्यावरचा. मार्गापासून थोडा वळसा पडतो, पण पाण्याची बाटली घेऊन तिथे बसायला हरकत नाही. झऱ्याचा तळ लोहामुळे गंजासारखा नारिंगी असतो, त्यावरचं पाणी मात्र अगदी नितळ.

कालव्याकाठची वाट सरळ आणि सपाट असते, कारण घोडे पडावांना दोर बांधून काठानं ओढत नेत. घोड्याला चढ नको, दोराला वळण नको. या पद्धतीची डच भूमीवर मोठी परंपरा आहे. अॅमस्टरडॅम ते हार्लेम ही ठरलेल्या वेळी सुटणारी, घोड्यानं ओढायची प्रवासी नाव १६३२ मध्ये सुरू झाली, आणि देशातली पहिली आगगाडी १८३९ मध्ये धावली तीही याच दोन शहरांत. घोड्यांच्या वाटेला पुढे डांबर लागलं आणि सायकलींना आयती वाट मिळाली.

सपाट म्हणून ही वाट सोपी समजू नये. फेरीतला सर्वांत कठीण टप्पा बहुधा हाच ठरतो, आणि त्याला कारण वारा. हवेचा अवरोध वेगाच्या वर्गानं वाढतो. ताशी २५ किलोमीटरनं जाताना समोरून ताशी १५ चा वारा आला, तर सायकलस्वाराच्या अंगावरची हवा ताशी ४० ची होते आणि अवरोध अडीचपटीहून जास्त. चढावर निदान माथा दिसतो, इथे मैलोन्‌मैल सरळ रेषा दिसते. आपेलडोर्नहून दीरन दक्षिणेला आहे आणि वारा नैऋत्येचा, म्हणजे नेमका उजव्या खांद्यावर पुढून. अशा वाऱ्यात डच सायकलपटू एकामागे एक न राहता तिरकी रांग धरतात, वाऱ्याच्या बाजूला पुढचा, त्याच्या आडोशाला दुसरा, त्याच्या आडोशाला तिसरा, आणि पुढचा दमला की मागे सरकतो. शर्यतींत याच रांगेत जागा न मिळालेले मागे पडतात, आणि त्यात डच-बेल्जियन संघ पटाईत आहेत. अरुंद सायकलमार्गावर ही चैन नाही. तिथे हँडलच्या खालच्या वाकावर हात ठेवायचे, कोपरं दुमडायची, एक गिअर खाली यायचं आणि जो वेग मिळेल तो मान्य करायचा. कुणाला हे टाळायचं असेल तर फेरी उलटी करावी, कालवा आधी आणि पोसबांक शेवटी. पाय थकलेले असताना चढ येईल, पण कालव्यावर वारा पाठीशी असेल.

उन्हाळ्यात आपेलडोर्न ते दीरन अशी जुन्या वाफेच्या इंजिनाची गाडी धावते, हौशी लोक चालवतात. नेहमीच्या आगगाडीतही गर्दीच्या वेळा सोडून सायकलचं वेगळं तिकीट काढून सायकल नेता येते, तेव्हा अॅमस्टरडॅमकडून निघालेला माणूस दिवसात जाऊन येऊ शकतो. नोकरीनिमित्त आयंडहोवेन-फेल्डहोवेनला राहणारी मराठी मंडळी आता पुष्कळ आहेत. त्यांना तर व्हेलुवेपर्यंतही जायला नको. शहराच्या आग्नेयेला स्ट्राब्रेख्त्स माळ आहे, सुमारे पंधराशे हेक्टरचा, आणि तोही असाच खपल्या आणि मेंढरांनी घडलेला. तिथे २०१० च्या जुलैत मोठी आग लागली होती. कोरड्या उन्हाळ्यात हेदर फार लवकर पेटतं. म्हणून उन्हाळ्यात वणव्याच्या धोक्याची पाटी लागली असेल तर ती वाचूनच माळावर जावं, आणि फुलं बघायला ऑगस्टचा शेवटचा आठवडा धरावा.